टोमॅटोवरचा व्हायरस शाळेच्या मायक्रोस्कोपमधून दिसत का नाही? आणि ते रंगीत फोटो मग कसले?

ढबू_मिरची

राम राम मंडळी. वाळवा तालुक्यातनं लिहितोय. ऊस आहेच, पण दीड एकर टोमॅटो लावलाय आणि या खेपेला शेंड्याची पानं अरुंद, लांबुडकी व्हायला लागलीत, खालच्या पानांवर हिरवा-पिवळा चट्टापट्टा. दुकानदारानं लांबनंच बघून व्हायरस म्हणून सांगितलं आन तीन बाटल्या हातात टेकवल्या. धाकटी सातवीत आहे, ती म्हणाली पप्पा आमच्या शाळेत मायक्रोस्कोप आहे, पान नेऊन बघूया की. बाईंनी पण हौसेनं बघू दिलं. पेशी दिसल्या, हिरवे कण दिसले, व्हायरस काय दिसला नाही. आता ती मला विचारती की कोरोनाचा तो लाल काट्यांचा करडा चेंडू सगळ्या टीव्हीवर होता तो फोटो मग कुणी काढला, त्यांचा मायक्रोस्कोप असा केवढा मोठा होता? मला उत्तर येईना. इथं शिकलेली माणसं आहेत, जरा सोप्यात सांगा.

भडंग

पहिला! (उत्तर माहीत नाही, जागा धरून ठेवतोय.)

तंबोरा

मी मूळची मिरजेची, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये मायक्रोस्कोपमधून येणाऱ्या इमेजेसवर कोड लिहायचं काम करते. म्हणजे दिवसभर विषय व्हायरसचा, पण हातात पिपेट कधी येत नाही.

पोरीचा प्रश्न एक नंबर आहे. तो लाल काट्यांचा चेंडू हा फोटो नाहीच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेतल्या अ‍ॅलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन चित्रकारांनी २०२० च्या सुरुवातीला कॉम्प्युटरवर केलेलं ते चित्र आहे. आकार अभ्यासावरून घेतलेला, रंग मात्र त्यांनी निवडलेले. खरा फोटो बघायचा असेल तर आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे विषाणूंवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने, त्याच वर्षी केरळच्या पहिल्या पेशंटच्या घशातल्या नमुन्यातून घेतलेला आहे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा. काळा-पांढरा, धुरकट, आणि भोवती बारीकशी झालर. तो टीव्हीवर दाखवला असता तर कुणी घाबरलं नसतं.

शाळेच्या मायक्रोस्कोपचा काही दोष नाही. जर्मनीत येना गावी एर्न्स्ट आबे नावाच्या माणसाने १८७३ मध्ये मांडून ठेवलंय की दोन ठिपके प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असले की भिंग कितीही चांगलं असो, ते एकच दिसणार. आपल्याला दिसणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणजे मर्यादा आली २०० च्या आसपास. कोरोना साधारण १०० नॅनोमीटर. तुमच्या टोमॅटोवर काकडीचा मोझेक असेल, म्हणजे सीएमव्ही, तर तो जेमतेम ३०. वरून कितीही झूम मारा, धूसर ठिपक्याचा मोठा धूसर ठिपका होतो.

यवतेश्वर_घाट

साताऱ्यात शाळेवर विज्ञान शिकवतो. आमच्याकडे ते घडीचे कागदी फोल्डस्कोप आहेत, मनू प्रकाश यांचे. साधारण १४० पट मोठं दाखवतं, दोन मायक्रॉनपर्यंतचं, म्हणजे दोन हजार नॅनोमीटरपर्यंतचं ओळखू येतं. त्यात पोरं मावा, फुलकिडे, बुरशीचे धागे तासन्‌तास बघत बसतात, तास संपला तरी उठत नाहीत. व्हायरस त्यात दिसणं शक्यच नाही, आणि दरवर्षी एक तरी पोरगं विचारतंच की सर मग तो आहे हे कशावरून.

ताई, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असताना परत प्रकाशाच्या मागे का लागायचं? हे मला पोरांना नीट सांगता येत नाही.

तंबोरा

सर, इलेक्ट्रॉनचं यंत्र रुस्काने १९३१ मध्ये बनवलं आणि १९३९ मध्ये तंबाखूच्या मोझेकचा व्हायरस त्यात पहिल्यांदा दिसला, सळईसारखा, ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ जाड. पण त्या यंत्रात निर्वात पोकळी लागते, नमुना एक तर सुकवायचा आणि जड धातूच्या क्षारांनी माखायचा, नाहीतर झटक्यात गोठवायचा. दोन्हीकडे पेशी जिवंत राहत नाही. म्हणजे व्हायरस कसा आहे ते कळतं पण तो पेशीत शिरला कुठून, आत कुठल्या रस्त्याने गेला, किती वेळ थांबला, हे कळत नाही, आणि औषध शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. जिवंत पेशीत डोकावायचं तर प्रकाशाला पर्याय नाही. मग आबेसाहेबांचं काय करायचं, तर तिथे कॉम्प्युटर येतो. लिहिते, जेवून.

शंकासुर

म्हणजे दिसत नाही, पण कॉम्प्युटर लावला की दिसतं. असल्या गोष्टी ज्योतिषी पण करतात.

भडंग

आला बघा. शंकासुरराव, तुम्हाला पोस्ट टाकायला आधी खाज सुटते का आधी वाय-फाय येतं?

तंबोरा

शंकासुर यांची शंका रास्त आहे, तिच्याकडे येतेच. आधी युक्ती.

व्हायरसला एक चमकणारा रंग चिकटवायचा, म्हणजे निळा प्रकाश टाकला की तो हिरवा उजळतो असा काही. चमकणारं प्रथिन पण वापरतात, ते १९६२ मध्ये शिमोमुरांनी जेलीफिशमधून काढलं होतं आणि त्याला पुढे २००८ चं नोबेल मिळालं. आता एक व्हायरस अंधारात चमकतोय. तो आहे ३० नॅनोमीटरचा पण कॅमेऱ्यात डाग पडतो २५० चा. तो डाग बारीक करता येत नाही, ते आबेंनी बंद केलंय. पण डागाचं केंद्र कुठे आहे हे काढायला आबेंची आडकाठी नाही! पिक्सेल पिक्सेलचे आकडे घ्या, त्यावर घंटेच्या आकाराची वक्ररेषा बसवा, शिखर सापडतं. जितके जास्त फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, तितकं शिखर पक्कं, आणि ते वर्गमुळाच्या हिशोबात, म्हणजे हजार फोटॉन मिळाले तर अनिश्चितता तीसेक पटीने कमी. प्रत्यक्षात १०-२० नॅनोमीटरपर्यंत जागा सांगता येते.

याच्या जोरावर २००३ मध्ये हार्वर्डला शाओवेई च्वांग यांच्या गटाने फ्लूचा एकेक व्हायरस जिवंत पेशीत चालताना पकडला. तो आधी पेशीच्या कडेला सावकाश घुटमळतो, मग एकदम सुसाट केंद्रकाच्या बाजूला निघतो, अवघ्या काही सेकंदात, आणि तिथे पोचल्यावर मागेपुढे करत बसतो. सुसाट का, तर पेशीच्या आत सामान वाहायचे रूळ आहेत आणि त्यावरून डायनिन नावाचं प्रथिन ओझं ओढतं, व्हायरस त्याच्यावर फुकट बसून जातो. तिकीट नाही काही नाही.

भडंग

सांगली-मिरज शटल आठवली.

बेदाणा

तासगाव. ताई एक विचारतो, एक व्हायरस असला तर केंद्र सापडलं, पण एकाच व्हायरसवर दहा-बारा काटे असतील आणि सगळ्यांना रंग लावला तर सगळे डाग एकात एक जाणार. मग?

तंबोरा

बेदाणादादा, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

गणपतीत आयर्विन पुलावर लायटिंग करतात ना, ती लांब हरिपूरच्या बाजूने बघा, माळेतले दिवे एकमेकांत मिसळून नुसती उजेडाची पट्टी दिसते. आता समजा माळ अशी आहे की एका वेळी इकडचा एक, तिकडचा एक असे दोन-चारच दिवे पेटतात. तुम्ही वहीत प्रत्येकाची जागा टिपली, मग पुढचे दोन-चार, मग पुढचे. रात्रभर टिपत बसलात तर सकाळी वहीत पुलाचा आख्खा नकाशा, दिवा न्‌ दिवा सुटा.

रेणू लुकलुकवायची हीच युक्ती. २००६ मध्ये एरिक बेट्झिग आणि च्वांग यांनी वेगवेगळी करून दाखवली. एका चित्रासाठी हजारो फ्रेम घ्यायच्या, प्रत्येक फ्रेममधले डाग शोधायचे, केंद्रं काढायची, सगळी एका कागदावर मांडायची. दुसरी वाट स्टेफान हेल यांची, त्यात एक लेझर डाग पेटवतो आणि दुसरा, मधे भोक असलेल्या कड्यासारखा लेझर, त्याच्या कडा विझवतो, म्हणजे मधला बारका ठिपकाच उरतो. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना मिळालं ते याच कामासाठी.

आणि याने काय कळलं याचं माझं आवडतं उदाहरण एचआयव्हीचं. त्याच्या अंगावर पेशीला चिकटायचे काटे इतर व्हायरसच्या मानाने फारच थोडे असतात, दहा-पंधरा धरा. साध्या मायक्रोस्कोपमध्ये आख्खा व्हायरस म्हणजे एक ठिपका, काटे कुठे आहेत हा प्रश्नच नाही. २०१२ मध्ये हेल यांच्या पद्धतीने बघितलं तर दिसलं की व्हायरस कच्चा असताना काटे विखुरलेले असतात आणि तो पिकला की ते एका जागी गोळा होतात. वरच्या सालीला काय करायचं हे आतल्या गाभ्याच्या पिकण्यावर ठरतं! आणि गोळा झाले की मगच तो पेशीत नीट शिरू शकतो. हे इलेक्ट्रॉनवाल्यांना इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

शंकासुर

ठीक आहे, पूल कळला. पण माझा मुद्दा तिथंच आहे. वहीत टिपणारा कॉम्प्युटर आहे. त्यानं डुलकी काढली, किंवा दोन डाग एक समजला, किंवा नसलेला दिवा लिहिला, तर आम्ही जे बघतोय ते व्हायरस का कॉम्प्युटरची वही?

तंबोरा

वहीच. मी कुणालाही हेच सांगते, आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरापोरींना पण. असलं चित्र बघताना पहिला प्रश्न हा की यातलं मोजलेलं किती आणि हिशोबाने भरलेलं किती. चित्र जितकं देखणं तितका हा प्रश्न जोरात विचारायचा.

घोळ कुठे होतात ते सांगते, कारण पेपरात येतं ते फक्त शेवटचं सुंदर चित्र.

एक, तोच रेणू परत परत लुकलुकतो. चार वेळा पेटला, प्रत्येक वेळी केंद्र थोडं इकडे तिकडे निघालं, झाला चार रेणूंचा घोळका. काटे गोळा होतात का हा प्रश्न असताना हा घोळ म्हणजे उत्तरच बदललं. म्हणून एकटा रेणू सरासरी किती वेळा लुकलुकतो हे आधी वेगळं मोजून ठेवावं लागतं. हेल यांच्या पद्धतीत हा लुकलुकण्याचा हिशोब नाही, त्यामुळे वरच्या एचआयव्हीच्या निष्कर्षावर माझा जरा जास्त विश्वास.

दुसरं म्हणजे स्लाइड सरकते. एक चित्र घ्यायला दहा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात खोलीतला एसी चालू-बंद झाला, कुणी दार आपटलं, की स्टेजचा धातू तापून-गार होऊन शंभर नॅनोमीटर सहज सरकतो. म्हणजे व्हायरसच्या रुंदीइतका. उपाय असा की काचेवर सोन्याचे बारीक कण आधीच चिकटवून ठेवायचे, ते हलत नाहीत आणि विझतही नाहीत. चित्रात ते हलले म्हणजे काच हलली, तेवढी हालचाल प्रत्येक फ्रेममधून वजा करायची. माझं निम्मं काम हे वजा करण्याचंच आहे आणि त्यात काहीही ग्लॅमर नाही. तरी लोक विचारतात, अय्या तू कोरोनावर काम करतेस!

तिसरा घोळ हल्लीचा, आणि मला सगळ्यात जास्त भीती याची. कमी फोटॉनचं, खरखरीचं चित्र घ्यायचं आणि डीप लर्निंगच्या मॉडेलकडून, म्हणजे ढीगभर चित्रं दाखवून शिकवलेल्या प्रोग्रॅमकडून, स्वच्छ करून घ्यायचं. फायदा खरा आहे, कारण जास्त लेझर टाकला तर पेशी मरते आणि मेलेल्या पेशीत व्हायरस बघून काय करणार. पण मॉडेलला आधी ज्या आकारांची सवय लावली तेच आकार ते खरखरीत शोधतं, आणि नसले तरी रंगवून देतं. तेही अगदी आत्मविश्वासाने! मागचं कच्चं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय असलं चित्र कुणी दाखवलं तर मी मान डोलावत नाही, समोर कितीही मोठा प्रोफेसर असू दे.

शंकासुर

हे आधी सांगितलं असतं तर ज्योतिषी काढला नसता. मागे घेतो.

यवतेश्वर_घाट

तारीख लिहून ठेवा कुणीतरी, शंकासुरांनी शब्द मागे घेतला.

रात्रपाळी

मिरजेत पॅथॉलॉजी लॅबला होतो, आता रिटायर. धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे मोठमोठ्या मशीनचं बोलताय पण प्रकाश आणि कॉम्प्युटर लावून व्हायरस शोधायचं यंत्र प्रत्येकाच्या नाकापर्यंत येऊन गेलंय की. आरटीपीसीआर! लोकांना वाटतं ती केमिकलची टेस्ट आहे. आहेच, पण शेवटी आकडा देतो तो प्रकाश.

त्या नळीत एक प्रोब असतो, डीएनएचा छोटा तुकडा, त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला त्याला गप्प बसवणारा दुसरा रेणू. दोघं जवळ आहेत तोवर चमक नाही. व्हायरसचा ठराविक भाग नळीत असेल तर प्रोब त्याला चिकटतो, आणि नवीन प्रत बनवत येणारं एन्झाइम वाटेत त्या प्रोबचे तुकडे करतं. रंग सुटा झाला, चमकायला लागला. प्रती बनवायची एक फेरी म्हणजे एक सायकल, एका सायकलला प्रती दुप्पट, मशीन दर सायकलला प्रत्येक खणात लाइट टाकून चमक मोजतं आणि स्क्रीनवर रेषा काढत जातं. आधी सपाट, मग एकदम उभी, मग वर जाऊन परत सपाट. ही रेषा ठरवलेली पातळी कितव्या सायकलला ओलांडते तो तुमचा सीटी. दहा सायकलचा फरक म्हणजे हजारपट, २० चा सीटी आणि ३० चा सीटी यात तेवढं अंतर आहे. लोक मात्र रिपोर्ट घेऊन यायचे आणि विचारायचे काका माझा ३० आहे म्हणजे जास्त ना? नाही ओ, कमी!

आता शंकासुर म्हणाले ती वही. पातळी कुठे ठेवायची, सुरुवातीचा सपाट भाग कुठपर्यंत धरायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं. आयसीएमआरने ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरा म्हटलं होतं, पण ३४ आणि ३६ च्या मधे रात्री दोन वाजता मशीनने पॉझिटिव्ह लिहिलं तरी आम्ही रेषा डोळ्याने बघायचो. खरी रेषा वळण घेऊन चढते. खोटी नुसती तिरकी सरकत सरकत पातळीला लागते, त्यात वळण नसतं. असली दिसली की नमुना परत लावायचा. झोप आली असली तरी लावायचा, कारण त्या कागदावर आख्खं घर चौदा दिवस दार लावून बसणार असतं.

अजून एक मजा सांगतो. काही किटमध्ये तीन जीन तीन वेगवेगळ्या रंगांनी बघतात. २०२१ च्या शेवटाला ओमिक्रॉन आला तेव्हा काट्याच्या जीनमध्ये एक छोटा तुकडा गळालेला होता, ६९-७० च्या जागी, त्यामुळे तिथला प्रोब चिकटायचाच नाही. दोन रंग छान वर चढलेले आणि तिसरा मेल्यासारखा सपाट. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे व्हायरसचे आख्खे जीन वाचायच्या तपासणीचा, रिपोर्ट यायच्या आधीच अंदाज यायचा की हा नवीन पाव्हणा.

ढबू_मिरची

काका हे लई भारी. आमच्या सगळ्या घरानं ती टेस्ट केलीया, लाइटनं मोजत्यात हे आज कळलं.

तंबोरा

काका, दंडवत. वळणाची रेषा ओळखायचा तुमचा डोळा आम्ही कोडमध्ये बसवायला बघतो आणि तरी शेवटी कुणाला तरी बघायला लावतोच.

बेदाणा

व्हायरसला रंग चिकटवला तर तो व्हायरस तसाच वागतो हे कशावरून? ओझं घेऊन चालतोय बिचारा.

तंबोरा

वागतोच असं नाही. ३० नॅनोमीटरच्या व्हायरसला मोठं प्रथिन चिकटवलं तर त्याची बांधणीच बिघडू शकते. म्हणून रंग लावलेला व्हायरस पेशीला लागण करतो का, पहिल्याइतकीच करतो का, हे आधी तपासतात.

रंगाशिवाय बघायची पण वाट आहे. कवडशात धूळ दिसते तसा व्हायरस प्रकाश विखुरतो. अडचण अशी की विखुरणारा प्रकाश आकाराच्या सहाव्या घाताने घटतो, आकार निम्मा झाला की प्रकाश ६४ पट कमी. यावर तोडगा म्हणून काचेवरून परत येणारा प्रकाश आणि व्हायरसकडून येणारा प्रकाश एकमेकांत मिसळू द्यायचा, मग सिग्नल तिसऱ्या घाताने घटतो, निम्म्या आकाराला फक्त ८ पट. तरी तो फरक इतका पुसट असतो की काचेवरचा जुना डाग त्याहून ठळक, म्हणून आधीच्या फ्रेम्सची सरासरी काढून पार्श्वभूमी वजा करावी लागते. परत वजाबाकी! २००९ मध्ये झुरिकला सांडोघदार यांच्या गटाने याच रीतीने एकेका व्हायरसचा माग काढला होता.

आपल्या रामन यांचा १९२८ चा शोध पण यात आहे. प्रकाश रेणूवर आपटून परत येताना त्यातल्या अगदी थोड्या भागाचा रंग किंचित बदलतो आणि तो बदल रेणूगणिक वेगळा. त्या रेषा मशीन लर्निंगला देऊन व्हायरस ओळखायचे प्रयत्न चाललेत, पण एका लॅबच्या यंत्रावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या यंत्रावर गडबडतं, त्यामुळे बातमीत "एका मिनिटात निदान" असं वाचलं की मी थोडी थांबते.

यवतेश्वर_घाट

आणि ते सुपरकॉम्प्युटरवर आख्खा व्हायरस चालवतात म्हणतात ते? पुण्याला परम आहे, त्यावर होतं का?

तंबोरा

परम ब्रह्म आयसरला आहे, परम सिद्धी सीडॅकमध्ये, आणि रेणूंचे असले हिशोब अशाच यंत्रांवर करतात. आख्ख्या व्हायरसचं सांगायचं तर २००६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने तंबाखूच्या मोझेकसोबत राहणारा एक छोटा उपव्हायरस घेतला, पाण्यासकट दहा लाख अणू, आणि ते सगळे अणू कसे हलतात ते मांडलं. किती वेळाचं? ५० नॅनोसेकंद. हो, नॅनो. व्हायरसच्या कामाला मिनिटं लागतात आणि आपल्याकडे नॅनोसेकंदांचा सिनेमा, ही या पद्धतीची मर्यादा.

म्हणून दोन्ही जोडतात. काट्याच्या प्रथिनावर दोन ठिकाणी दोन रंग लावायचे, ते २ ते १० नॅनोमीटरच्या टप्प्यात जवळ-लांब झाले की एकाची चमक दुसऱ्याकडे जाते, म्हणजे प्रकाशाची मोजपट्टीच झाली. २०१४ मध्ये एचआयव्हीचा काटा असाच बघितला तर तो एका जागी गप्प बसलेला नव्हता, तीन अवस्थांमध्ये उघडझाप करत होता, अँटिबॉडी समोर नसताना सुद्धा. मापं प्रकाशाची, त्या मापांत कुठले अणू कसे बसतात ते सिम्युलेशनमधून. दोघांचं जमलं नाही तर एकात चूक आहे, आणि बहुतेक वेळा भांडण तिथूनच सुरू होतं, म्हणजे कामाला मजा येते.

ढबू_मिरची

ताई, डोक्यावरनं थोडं गेलं पण पोरीला वाचून दाखवलं, तिला पुलाचं आवडलं. आता माझ्या टोमॅटोचं काय? २०२० ला तिरंगा व्हायरस म्हणून बोंब झालेली तसलंच आहे का हे?

बेदाणा

तिरंग्याच्या वेळी आपल्या साताऱ्याकडनं पण नमुने बंगळूरच्या बागवानी संस्थेत गेलेले आणि त्यात काकडीच्या मोझेकचं नाव पुढं आलं होतं. तेव्हा तर टोमॅटो खाल्ल्यानं माणसाला होतो म्हणून अफवा उठली आणि भाव पडला. झाडाचा व्हायरस माणसाला होत नाही ओ.

तंबोरा

फोटोवरून किंवा धाग्यावरून सांगता येणार नाही, मी शेतीतली पण नाही. शेंड्याची पानं अरुंद होणं काकडीच्या मोझेकमध्ये दिसतं, पण काही तणनाशकांचा वारा लागला तरी पानं तशीच होतात. शेजारी उसात काही फवारलं होतं का ते आठवा. पानाचा फोटो काढून रोग सांगणारी अ‍ॅप्स पण इथेच फसतात.

खात्री करायची तर एलायझा, म्हणजे अँटिबॉडी वापरून व्हायरस ओळखायची लॅबमधली टेस्ट. त्यात पण प्रकाशच आहे, व्हायरस असेल तर खणात पिवळा रंग येतो आणि यंत्र ४०५ नॅनोमीटरला तो किती गडद ते मोजतं. शेतात वापरायच्या पट्ट्या मिळतात, त्यातली लाल रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते, कोविडच्या घरगुती किटमध्ये असते तशीच.

भडंग

म्हणजे घरात सोनं होतं आणि आम्ही कचऱ्यात टाकलं.

यवतेश्वर_घाट

ढबूभाऊ, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नमुना कुठे पाठवायचा ते सांगतील. लक्षणं असलेली कोवळी पानं घ्या आणि शेजारच्या चांगल्या झाडाची पण घ्या, वेगळ्या पिशवीत, नावं लिहून. पानं धुऊ नका, ओली करू नका, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, थंड डब्यात न्या.

आणि बाटल्यांचं. झाडाच्या व्हायरसवर औषध नाही, बाटल्या असतील त्या मावा मारायच्या. काकडीचा मोझेक मावा आपल्या सोंडेच्या टोकावर वाहून नेतो, झाडाला सोंड लावून चाखलं की काही सेकंदांत काम झालं, त्यामुळे फवारलेल्या झाडावर मावा मरायच्या आधीच देऊन जातो. फवारणीवर सगळी भिस्त ठेवू नका. लागलेली झाडं उपटून लांब नेऊन पुरा, बांधावरचं तण काढा कारण हा व्हायरस हजारावर जातींच्या झाडांत राहतो, आणि पुढच्या वेळी रोपं जाळीतली घ्या.

रात्रपाळी

सर, एक भर घालतो. उपटताना रोगट झाडापासून सुरुवात करून चांगल्याला हात लावत जाऊ नका, हात साबणाने धुवा. काकडीचा रसातनं फारसा पसरत नाही पण टोमॅटोवर तंबाखूच्या मोझेकच्या भावकीतले व्हायरस पण येतात आणि ते हातानं, विळ्यानं सर्रास पसरतात. तपकीर, बिडीवाल्या गड्याला तर आधी हात धुवायला लावा.

शंकासुर

ढबूशेठ, ऑनलाइन १६०० पट मोठं दाखवणारा यूएसबी मायक्रोस्कोप बघितला मी, स्वस्त आहे. पोरीला घेऊन द्यायला हरकत नाही ना? ताई?

तंबोरा

नका घेऊ. तेलात बुडवायच्या महागड्या भिंगाला सुद्धा हजार-दीड हजार पटीच्या पुढे नवीन काही दिसत नाही, या यूएसबीवाल्यांत ती भिंगं नसतात, तिथे १६०० म्हणजे स्क्रीनवर ताणलेला धूसर ठिपका. दहा पटीचं हातातलं भिंग घ्या, आणि पानाची खालची बाजू बघायला सांगा तिला. मावा, पांढरी माशी, फुलकिडे तिघंही त्यात स्वच्छ दिसतात आणि तिघं वेगवेगळे व्हायरस नेतात, त्यामुळे कोण बसलंय यावरून एलायझा कशाची करायची ते पण ठरतं.

ढबू_मिरची

भिंग शेजारच्या घड्याळवाल्याकडनं तात्पुरतं आणलंय. खालनं हिरवे बारके बसलेत दाटीनं, पाय दिसत्यात, पंखवाले दोन-तीन. पोरगी म्हणती मावाच. पलीकडच्या उसात तणनाशक मारल्यालं मागच्या पंधरवड्यात, त्ये पण खरं, म्हणजे दोन्ही बाजू उभ्या हायत. उद्या पानं घेऊन जातो, चांगल्या झाडाची पण. रिपोर्ट आला की इथंच टाकतो, तवर धागा वर राहू दे.